शाबदान बातिर: रस्त्याच्या पाटीवरून निघालेली गोष्ट

आडवाट

मुलगी किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकला, एमबीबीएसच्या चौथ्या वर्षाला आहे. मागच्या उन्हाळ्यात पंधरा दिवस तिच्याकडे राहून आलो. ती राहते त्या भागातल्या मोठ्या रस्त्याचं नाव शाबदान बातिर. शहरात दुसरा एक लांबलचक रस्ता आहे, तो बायतिक बातिर. हे कोण म्हणून तिच्या मित्रमैत्रिणींना विचारलं तर "काका, असेल कुणीतरी जुना राजा". मग टॅक्सीवाल्याला विचारायला लावलं. तिने रशियनमध्ये विचारलं. त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि एकच शब्द बोलला, "मानाप." कौतुक केलं की नाक मुरडलं तेच कळेना. त्या एका शब्दापायी गेले सात-आठ महिने मिळेल ते वाचतोय. म्हटलं आता धागा काढावाच.

(फोन दर वेळी 'शाबदान'चं 'समाधान' करतोय. कुठे राहून गेलं तर समजून घ्या.)

आधी जरा पार्श्वभूमी. किर्गिझ म्हणजे तिएनशान डोंगरातले घोडे-मेंढ्या पाळणारे लोक. चाळीस टोळ्यांचे म्हणवतात, आजच्या झेंड्यावरच्या सूर्याला किरणंही चाळीसच. उत्तरेकडच्या मोठ्या टोळ्या म्हणजे सारिबागिश, बुगू, सोल्तो, सायाक. एकोणिसाव्या शतकात या सगळ्यांवर मिळून एक राजा असा नव्हताच. टोळीच्या प्रमुखाला मानाप म्हणत, न्यायनिवाडा करणाऱ्याला बी, आणि लढाईत नाव काढलेल्याला बातिर. शाबदानला 'बातिर' लहान वयातच चिकटलं. उरलेलं आयुष्य मात्र तलवारीपेक्षा वाटाघाटींतच जास्त गेलं.

जन्म 1839 च्या सुमाराचा, चोंग-केमिन खोऱ्यातल्या सारिबागिश टोळीत. बाप जान्ताय मोठा मानाप. या घराण्याला बाहेरच्या दरबारांचा वास आधीपासून होता. पूर्वज अताके बी याने 1785 मध्ये रशियाच्या राणी कॅथरीनकडे वकील पाठवला होता. इतक्या लांब माणूस धाडायचं कारण साधं आहे. तिएनशानच्या पूर्वेला चीन, पश्चिमेला कोकंदचे खान, उत्तरेला कझाक सुलतान आणि त्यांच्यामागून हळूहळू सरकत येणारे रशियन. मध्ये हे तंबूवाले. कुणाला नजराणा द्यायचा, कुणाला नुसती गोड पत्रं पाठवायची आणि कुणाला तोंडघशी पाडायचं, हेच तिथलं राजकारण.

शाबदान सात-आठ वर्षांचा असताना, 1847 मध्ये, रशियनांशी लढत मागे हटलेला कझाक सुलतान केनेसरी किर्गिझ मुलखात घुसला. माझ्या झेंड्याखाली या, असं त्याचं म्हणणं. सारिबागिशांचा ओरमोन खान, जान्ताय वगैरेंनी एकी केली, तोकमोकजवळ त्याला कोंडलं आणि मारलं. केनेसरीचं शीर रशियन अधिकाऱ्यांकडे पोचतं झालं. कझाक लोक हे अजून विसरलेले नाहीत. पण घरातल्या पोराच्या बाजूने बघा. बाहेरचा कुणी 'आपण सगळे एक' म्हणत दारात आला की बाप लोक काय करतात, हे त्याने त्या वयात पाहिलं.

एकी टिकली नाही. सारिबागिश आणि बुगू यांच्यात कुरणांवरून जुंपली आणि 1854 मध्ये ओरमोन खानच बुगूंच्या हातून मारला गेला. बुगूंनी पुढच्याच वर्षी, 1855 ला, रशियाशी एकनिष्ठतेची शपथ घेऊन टाकली. म्हणजे आपसातल्या भांडणात पाठीशी कुणीतरी दांडगा हवा, म्हणून. या मुलखात रशिया शिरला तो नुसता तोफांनी नाही, अशा भांडणांच्या फटींतूनही शिरला.

तरुण शाबदान मात्र सुरुवातीला दुसऱ्या बाजूला होता. ऑक्टोबर 1860 मध्ये उझुन-आगाचला कोकंदची फौज आणि कोल्पाकोव्स्की या अधिकाऱ्याचे रशियन सैनिक भिडले, तेव्हा तो कोकंदकडून लढला. विशीतला पोरगा. कोकंदची फौज मोठी, रशियन थोडे, आणि तरी फौज मागे फिरली. शिस्तीत चालणाऱ्या तोफा-बंदुकांसमोर स्वारांच्या झुंडीचं काय होतं, ते त्याने ऐकलं नाही, घोड्यावर बसून बघितलं. मला वाटतं पुढचे सगळे निर्णय या एका दिवसातून निघाले. यावर वाद होऊ शकतो, घाला.

बायतिक बातिरचं इथेच सांगून टाकतो. पिश्पेक (आजचं बिश्केक) हा कोकंदचा किल्ला. तिथून वसुली व्हायची. कळपांवरची जकात वेगळी आणि तंबूगणिक एक मेंढी वेगळी. सोल्तो टोळीच्या बायतिकने 1862 मध्ये किल्लेदार रहमतुल्लाला जेवायला बोलावलं आणि मारलं. मग किल्ला घेण्यासाठी रशियनांना बोलावलं. त्यांनी वेढा घालून किल्ला पाडला. ज्या लोकांत पाहुण्याच्या केसालाही धक्का लागू देत नाहीत त्यांच्यात हे घडलं, आणि तरी माणसाचं नाव रस्त्याला आहे. कोकंदच्या वसुलीचा राग किती असेल ते यावरून कळतं.

पिश्पेक पडल्यावर जान्तायचं घराणंही रशियाकडे झुकलं. बाप गेल्यावर शाबदान पुढे आला. रशियाने 1867 मध्ये तुर्कस्तानचा नवा सुभा काढला, टोळ्यांचे कागदावर तुकडे पाडून 'वोलोस्त' केले आणि दर तीन वर्षांनी प्रमुखाची निवडणूक ठेवली. मानापांची रग जिरवायची, हा हेतू. झालं उलटंच. निवडणूक म्हटल्यावर मतं आली, मतांबरोबर मेजवान्या आणि लाच आली, आणि मानाप ते खेळ रशियनांपेक्षा चांगले खेळले.

शाबदान खरा मोठा झाला 1876 मध्ये. कोकंदची खानशाही मोडून रशियन जनरल स्कोबेलेव दक्षिणेकडच्या बंडाचा बीमोड करत होता. शाबदान आपले स्वार घेऊन त्याच्याबरोबर गेला. वाटा दाखवणं, बातमी काढणं हे होतंच. पण जास्त मोलाचं काम म्हणजे अलाई डोंगरातल्या किर्गिझांशी बोलणी. तिथली प्रमुख एक बाई होती, कुर्मानजान दात्का. तिच्या मुलांनी रशियनांना चांगलंच झुंजवलं होतं. शेवटी तिने लढाई थांबवली. थांबवण्यासाठी जी माणसं मध्ये बोलली त्यांत शाबदान होता.

पुढे 1883 मध्ये झार तिसऱ्या अलेक्झांडरच्या राज्याभिषेकाला तो मॉस्कोला गेला आणि लेफ्टनंट कर्नलच्या बरोबरीचा कोसॅक हुद्दा घेऊन परत आला. त्याचा म्हातारपणीचा फोटो आहे. अंगात लांब झगा, छातीवर पदकांची ओळ. चेहरा फोटोग्राफरला कंटाळल्यासारखा.

चोंग-केमिनला जाऊन आलो. बिश्केकहून पूर्वेला दीडशे किलोमीटरच्या आसपास, बूम घाट लागायच्या आधी डावीकडे वळायचं. ज्या घरी उतरलो तिथल्या आजींनी बोर्सोक (आपल्या शंकरपाळ्याचा फुगलेला, खमिराचा भाऊ) आणि कुमीस पुढे ठेवलं. कुमीस म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध. शाबदानचं नाव काढल्यावर आजींनी डाव्या हाताची बोटं एकेक करून मुडपत नवऱ्याचे सात पूर्वज म्हणून दाखवले, आणि पाचव्या बोटाशी थांबून म्हणाल्या, "हा त्याच्याकडे जेवलाय." लढला नाही, चाकरीला होता असंही नाही. जेवलाय!

हे मला सगळ्यात लक्षात राहिलं. त्याच्याबद्दल जुन्या लोकांनी जे लिहून ठेवलंय त्यात लढायांपेक्षा हेच जास्त, की त्याच्या तंबूतून कुणी उपाशी गेलं नाही. आलेलं वाटून टाकायचा, स्वतः कर्जात. तरुणपणी दुसऱ्यांचे घोडे पळवले, म्हातारपणी स्वतःचे देऊन टाकले.

बाकीचं प्रतिसादांत. बोटं दुखली.

---

खडूस_पण_खरा

लेख छान, पण साखर जास्त झाली. कोकंदकडून लढला, हरल्यावर जिंकणाऱ्याकडे गेला, स्वतःच्याच लोकांना मोडायला जनरलच्या पुढे घोडा दामटला, आणि बदल्यात पदकं. याला आपल्याकडे काय म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे. मेजवान्या तर आपले वतनदारही घालायचे.

---

मृण्मयी_ताई

अप्रतिम! "हा त्याच्याकडे जेवलाय" वाचून थांबले. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

एक शंका. शेवटी रशियनांनी त्याच्या मुलाबाळांना चांगलं वागवलं का? अशा घरांचं पुढे काय होतं ते मला नेहमी बघायचं असतं.

---

आडवाट

@मृण्मयी_ताई, त्यावर सावकाश लिहितो. ती सगळ्यात वाईट गोष्ट आहे.

@खडूस, 'स्वतःचे लोक' कोण, इथेच अडतं. 1876 मध्ये केमिनच्या सारिबागिश माणसाला अलाईची माणसं 'आपली' वाटत होती असं समजायला फारसा आधार नाही. त्याच्या लेखी शत्रू म्हणजे आधी कुरण बळकावणारा बुगू, मग वसुली करणारा कोकंदवाला. 'किर्गिझ राष्ट्र' ही गोष्ट नंतरची.

वतनदारांशी तुलना मीही आधी करून पाहिली, पण ती लंगडते. देशमुखाचं वतन जमिनीला बांधलेलं. रयत नाराज झाली तरी शेत उचलून नेता येत नाही. मानापाकडे जमिनीचा कागद नाही. लोकांना त्याचं वागणं पटलं नाही तर रातोरात तंबू उकलायचे, उंटाबैलांवर घालायचे आणि शेजारच्या मानापाच्या सावलीला जायचं. माणसं टिकवायची तर मानापाला सतत देत राहावं लागे. ते औदार्य होतंच, पण धंद्याचं भांडवलही तेच होतं.

---

खडूस_पण_खरा

हे पटलं. निम्मं.

---

शब्दवेडा_कारवारी

थोडं भाषेचं अवांतर, पण मूळ विषयाला धरून.

'बातिर' आणि आपला 'बहादूर' ही एकाच घरची भावंडं. स्तेपातून फारसीत आणि फारसीतून आपल्याकडे. 'बी' म्हणजे आपला 'बेग'. सगळ्यात मजेदार 'दात्का'. कोकंद दरबारची ही पदवी, मूळ फारसी दादख्वाह. लोकांची दाद दरबारात नेणारा. आपण 'दाद मागतो', 'दाद लागू देत नाही' त्यातलीच ही दाद. कुर्मानजानबाईंना लोक दात्का म्हणत ते याच अर्थाने.

आणि किर्गिझ निवाड्यात 'कून' नावाची भरपाई असते. माणूस मारला गेला तर मारणाऱ्याच्या कुळाने मेलेल्याच्या कुळाला जनावरं मोजून द्यायची. हा 'कून' म्हणजे आपला 'खून'. फारसीत रक्त, तिकडे रक्ताची किंमत, आपल्याकडे थेट गुन्हा.

---

आडवाट

@शब्दवेडा, वा! 'दाद' माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

कूनचा विषय निघालाच आहे तर सल्लागार म्हणून शाबदानचं काम कसं चालायचं तेही सांगतो, कारण वाचताना मला लढायांपेक्षा तेच रंगतदार वाटलं. रशियन कायद्याने बींची न्यायालयं चालू ठेवली होती. एकाच टोळीतलं भांडण असेल तर तिथल्या तिथे मिटायचं. दोन टोळ्यांत किंवा दोन जिल्ह्यांत असेल तर 'विशेष बैठक' भरायची, दोन्हीकडचे बी एकत्र बसायचे. तिथे येणारी भांडणं बहुतेक 'बरिम्ता'ची. बरिम्ता म्हणजे नुसती चोरी नाही. तू माझं देणं दिलं नाहीस, कून दिला नाहीस, म्हणून मी तुझे घोडे उघडपणे हाकून नेले. रशियन अधिकाऱ्याला ती दरोडेखोरी दिसे, किर्गिझाला जप्ती.

आता पुरावा काय द्यायचा? कागद नाही. मग शपथ. पण शपथ आरोपीने घ्यायची नाही, त्याच्या वतीने त्याच्या कुळातल्या एखाद्या भल्या माणसाने घ्यायची. खोटी शपथ घेऊन कुळ बुडवायला कुणी तयार होत नसे. कुणाची शपथ ग्राह्य धरायची, किती घोड्यांवर तोड काढायची, आणि वाकलेला माणूस वाकला असं दिसू न देता त्याला घरी कसं पाठवायचं, यासाठी शाबदानसारखा माणूस लागे. दोन्ही बाजू त्याच्याकडे जेवलेल्या असत, हे महत्त्वाचं. आणि अधिकाऱ्यांना तो लागे, कारण भाषा, नाती, जुनी वैरं यातलं त्यांना काही कळत नसे.

---

निशाचर_७७

एक टोचणी. त्याच्या औदार्याचं हे सगळं लिहिलं कुणी? अशा माणसांभोवती शाहीर असतातच. जेवलेल्यांनीच लिहिलं असेल तर जेवण चांगलंच असणार.

---

आडवाट

@निशाचर, रास्त. बरंचसं तसंच आहे. किर्गिझांचा लिखित इतिहास पहिल्यांदा छापला गेला 1913 आणि 1914 मध्ये, रशियातल्या उफा शहरात, आणि त्यामागे याच घराण्याचा पैसा होता. 'अकिन' म्हणजे तिकडचे शीघ्रकवी. तेही त्याच्याकडे असायचे. म्हणून मी आजींच्या पाचव्या बोटालाही थोडी सूट देऊन ऐकलं.

पण दुसऱ्या बाजूनेही तपासता येतं. ज्याला नुसती वाहवा हवी असते तो थडगं बांधतो. याने चोंग-केमिनमध्ये मदरसा बांधला, आणि तोही जुन्या घोकंपट्टीचा नाही, नव्या पद्धतीचा. त्या वेळी कझान-उफाकडचे तातार सुधारक अक्षरं शिकवायची नवी रीत, भूगोल, गणित असं आणत होते. त्यातला हा, 1909 च्या सुमारास. मक्केला जाऊन आला, हिजाझ रेल्वेला देणगी दिली. झारची पदकं छातीवर आणि देणगी तुर्की सुलतानाच्या रेल्वेला. सरकारचं लक्ष होतंच.

जानेवारी 1911 मध्ये केमिनचा भूकंप झाला, मोठ्यातला मोठा. वेर्नी (आजचं अल्माटी) उद्ध्वस्त झालं. त्या भूकंपावर रचलेलं काव्य त्याच वर्षी कझानला छापलं गेलं, आणि ते किर्गिझमधलं पहिलं छापील पुस्तक मानलं जातं. पुढच्याच वर्षी, 1912 मध्ये, शाबदान गेला. त्याचा 'आश', म्हणजे मेल्यानंतरचं मोठं जेवण, त्याच वर्षीच्या शरदात झालं. घोड्यांच्या शर्यती, कुस्त्या, हजारो माणसं.

---

केशर_डॉक्टर_होणार

मी बिश्केकमध्येच शिकते, मूळ लातूर. काका, तुमचा धागा वाचून आमच्या हॉस्टेलच्या मावशींना विचारलं (इथे सगळ्या मोठ्या बायकांना एजे म्हणायचं). त्यांनी आधी मला बसवलं, चहा दिला, मग सांगितलं की त्यांच्या शाळेत, सोव्हिएत काळात, मानाप म्हणजे रक्त पिणारा असंच शिकवत. नाटकात मानापाचं काम करणाऱ्या पोराच्या पोटाला उशी बांधायचे. आणि 1991 नंतर त्याच शाळेत हेच लोक थोर झाले. त्या हसत म्हणाल्या, "उशी काढली आणि कालपाक घातला." (कालपाक = इथली पांढरी फेल्टची टोपी.)

म्हणून तुमच्या टॅक्सीवाल्याचा तो सूर. त्याचं वय काय होतं?

---

आडवाट

@केशर, पन्नाशीच्या पुढचा असेल. म्हणजे दोन्ही शिकलेला! हे मला सुचलंच नव्हतं. खूप आभार. मावशींना माझा नमस्कार सांग.

आता @मृण्मयी_ताईंचा प्रश्न.

शाबदानच्या हयातीतच रशियन शेतकऱ्यांची वसाहत वाढत चालली होती. 'जास्तीची जमीन' म्हणून कुरणं घ्यायची आणि युक्रेन-रशियातून आलेल्या कुटुंबांना द्यायची. नेमकी खालची, उबदार, हिवाळ्यात कळप राहतात ती जमीन जायची. उन्हाळी कुरणं वर डोंगरात भरपूर, पण हिवाळा काढायचा कुठे? म्हाताऱ्याने धोका ओळखला होता. आपल्या लोकांना एका जागी वसून शेती करायला जमीन मिळावी म्हणून त्याने अर्जविनंत्या केल्या. घोड्यावर वाढलेला बातिर म्हातारपणी शेतीसाठी अर्ज करतोय, हे चित्र जरा डोळ्यांपुढे आणा.

तो गेला आणि चार वर्षांत सगळं फुटलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. जून 1916 मध्ये झारने फर्मान काढलं की मध्य आशियातल्या 19 ते 43 वयाच्या पुरुषांनी आघाडीमागे खंदक वगैरे खणायला जायचं. ऑगस्टमध्ये सेमिरेच्येत (केमिन, वेर्नी ज्यात येत तो रशियाचा प्रांत) उठाव झाला, आणि त्याचं एक मुख्य केंद्र होतं केमिन. पुढारी कोण? शाबदानची मुलं. मोकुश शाबदानोव्हला लोकांनी खान म्हणून उचललं. बूम घाटात बंदुकांची रसद लुटली, रशियन वस्त्यांवर हल्ले झाले, त्यांत निरपराध शेतकरी मेले. मग फौज आली. तिने जे केलं ते कितीतरी पटींनी भयंकर. उरलेल्यांनी कळप आणि पोरंबाळं घेऊन तिएनशानच्या खिंडींतून चीनची वाट धरली. बर्फ पडायला लागलं होतं. या पळापळीला ते 'उर्कून' म्हणतात. मेलेल्यांचे आकडे इतके वेगवेगळे दिले जातात की मी इथे एकही देत नाही. मोकुशही चीनकडे गेला.

बापाने ज्या राज्याकडून कोसॅक हुद्दा घेतला त्याच राज्याविरुद्ध मुलगा खान झाला. पुढे क्रांती, मग सोव्हिएत सरकार, आणि 1920 च्या दशकाच्या शेवटी मानाप घराण्यांना हद्दपार करण्याची मोहीम. म्हणजे झारने बंडखोर म्हणून आणि बोल्शेविकांनी झारचे हस्तक म्हणून, असं दोन्हीकडून.

---

मृण्मयी_ताई

विचारलं नसतं तर बरं झालं असतं. तरी धन्यवाद.

कुर्मानजानचं पण असंच काही होतं ना? वाचल्याचं आठवतंय.

---

शब्दवेडा_कारवारी

हो. तिच्या धाकट्या मुलाला, कामचिबेकला, 1895 मध्ये ओशमध्ये फासावर दिलं. सोडवायला माणसं तयार होती, तिने परवानगी दिली नाही. ती स्वतः तिथे हजर होती असं सांगतात. पन्नास सोमच्या किर्गिझ नोटेवर आहे ती.

---

खडूस_पण_खरा

नोटेवर ती आणि रस्त्यावर तो. मला आता त्याला फितूर म्हणवत नाही, पण थोरही म्हणवत नाही. मुलांनी जे 1916 ला केलं ते बापाला 1876 ला सुचलं असतं तर काय झालं असतं, एवढाच प्रश्न राहतो.

---

आडवाट

@खडूस, उर्कून चाळीस वर्षं आधी झालं असतं, असं मला वाटतं. पण उझुन-आगाचला मी नव्हतो, तो होता.

---

निशाचर_७७

सगळं झालं, मुद्द्याचं राहिलं. कुमीसने पोट बिघडतं का?

---

केशर_डॉक्टर_होणार

पहिल्या दिवशी हो. दुसऱ्या दिवशी मावशी आणखी देतात.